एकशे सहासष्टचं दुखणं

परवा रात्री जेवण उरकून बसलो होतो, तेवढ्यात सांगलीहून मामेभावाचा फोन आला. इंजिनियरिंग झालंय, दोन वर्षं नोकरीही झाली, आता स्वारीला अमेरिकेत फायनान्समध्ये पीएच.डी. करायचीय. पण आवाज पडलेला. "दादा, जीआरईला गणितात 166च आले. अर्ज करू की परत देऊ?"

170 पैकी 166, तरी हा रडतोय! हसू आलं, पण फार नाही. 2010 साली मी परीक्षा दिली तेव्हा गुण 800 पैकी असत आणि मीही आठवडाभर 'कुठे चुकलो असेन' याचा हिशोब मांडत बसलो होतो. "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला आणि ही परीक्षा मुळात आली कुठून, ते वाचत बसलो.

गोष्ट 1936 सालची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांनी कार्नेगी फाउंडेशनबरोबर एक प्रयोग म्हणून जीआरई सुरू केली. निरनिराळ्या कॉलेजांतून आलेली मुलं एका मापाने मोजायची कशी, हा प्रश्न होता. बिझनेस स्कूलांनी 1954 मध्ये स्वतःची वेगळी परीक्षा काढली. तिलाच 1976 पासून जीमॅट म्हणतात.

आता फायनान्सला एवढं गणित कशाला? 1952 मध्ये मार्कोविट्झने गुंतवणुकीतली जोखीम गणितात मांडली. 1959 मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन्ही फाउंडेशनांच्या अहवालांनी बिझनेस स्कूलांतल्या ढिसाळ शिक्षणाला झोडपलं, आणि तिथे गणित व संशोधनाचं वजन वाढलं. 1973 मध्ये ब्लॅक-शोल्सचं सूत्र आलं. यातला ब्लॅक तर उपयोजित गणितातला पीएच.डी. आम्हा इंजिनियर लोकांना या विषयाचं दार किलकिलं झालं ते असं.

भावाला धीर द्यायला दोन किस्से मनात काढून ठेवले. युजीन फामा टफ्ट्समध्ये फ्रेंच वगैरे भाषा शिकलेला. शिकागोला अर्ज केला, उत्तर येईना, म्हणून त्याने सरळ फोन लावला. तिथल्या डीननेच तो उचलला. अर्जाची नोंदच सापडेना! डीनने कॉलेजातले गुण विचारले आणि टफ्ट्सच्या विद्यार्थ्यासाठी असलेली शिष्यवृत्ती देऊ केली. 2013 मध्ये फामाला नोबेल मिळालं. दुसरा रॉबर्ट मर्टन. गणिताकडून अर्थशास्त्राकडे वळताना त्याने बरेच अर्ज केले, घेतलं एकट्या एमआयटीने. त्याला 1997 मध्ये नोबेल.

पण सांगायला फोन उचलला आणि थांबलो. फामाच्या मागे टफ्ट्सचं नाव होतं, मर्टनच्या मागे कोलंबिया आणि कॅलटेक. आमच्या भावाच्या कॉलेजचं नाव प्रवेश समितीतल्या एकानेही ऐकलेलं नसणार. त्याच्या अर्जातली त्यांना चटकन वाचता येईल अशी ओळ म्हणजे तो आकडा. तेव्हा त्याची काळजी खुळी नाही. 1936 साली ज्या अनोळखी मुलांसाठी हे माप काढलं, त्यांच्यातलाच तो एक.

फक्त एक आहे. चाळणीचं काम खडे वेगळे काढण्याचं. तांदूळ निवडून झाले की कोणता तांदूळ शिजवायचा, हे चाळणी सांगत नाही. फायनान्सच्या पीएच.डी.ला एकेका विद्यापीठात दरसाल जेमतेम मूठभर मुलं घेतात. तिथे पुढे बघतात ते कोणतं गणित शिकलास, कशावर संशोधन करायचंय आणि तुला जवळून ओळखणारा माणूस पत्रात काय लिहितो. भावाने गुणांवर पाऊण तास खर्च केला, पत्राचा विषयच काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, "परत देऊ नकोस. ते दोन महिने प्रोबॅबिलिटी नीट कर. आणि ज्या सरांकडे प्रोजेक्ट केलास ना, त्यांना जाऊन भेट."

"सर रिटायर झाले, दादा. मिरजेला असतात आता."

"मग? सांगलीहून मिरज काय अमेरिकेत आहे?"