गुबगुबीत कूपर ब्लॅक

वर्डमधली फॉन्टची यादी खाली सरकवताना 'कूपर ब्लॅक' दिसला असेलच. जाडजूड, गुबगुबीत, कुठेही धार नाही. वाढदिवसाच्या पोस्टरला हमखास हाच! पुष्कळांना तो कॉम्प्युटरच्या जमान्यातला वाटतो, पण त्याचा जन्म १९२२चा.

ऑस्वाल्ड कूपर हा शिकागोत जाहिरातींसाठी अक्षरं काढणारा माणूस. तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी त्याने हा टाइप केला. जाहिरातवाले खूश, जुन्या वळणाच्या छापखानेवाल्यांनी मात्र नाकं मुरडली. खप इतका, की मोनोटाइप कंपनीने १९२५ मध्ये त्याला टक्कर द्यायला 'गाउडी हेवीफेस' करून घेतला. कोणाकडून? फ्रेडरिक गाउडीकडून, म्हणजे खुद्द कूपरच्या गुरूकडून!

आता माझ्यातल्या इंजिनियरला यात काय आवडतं ते सांगतो. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला असलेली छोटीशी पायरी. एरवी ती सपाट असते, त्यामुळे सरळ पायांची अक्षरं ओळीवर नीट बसतात. गोल 'ओ' मात्र ओळीच्या किंचित खाली उतरवावा लागतो, नाहीतर तो डोळ्याला लहान वाटतो. कूपरने सगळ्यांचेच पाय गोल केले. मग कोण ओळीवर आणि कोण खाली, हे चटकन कळतच नाही. हलक्या कागदावर शाई थोडी पसरली तरी बिघडायला धारदार कोपरा आहेच कुठे? आमच्या भाषेत याला फॉल्ट टॉलरन्स म्हणतात. नवशिक्याने अक्षरं वेडीवाकडी चिकटवली तरी हा सांभाळून घेतो.

साठच्या दशकात फोटोटाइपसेटिंग आणि घासून उमटवायची अक्षरं आली, आणि शिशाच्या खिळ्यांमधली सक्तीची फट गेली. अक्षरं एकमेकांना खेटून बसायला लागली, आणि खेटून बसण्यात कूपर ब्लॅकचा हात धरणारा कोणी नाही. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (१९६६), बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी'ची (१९६८) नावं, सत्तरच्या दशकातले इस्त्रीने अक्षरं चिकटवलेले टी-शर्ट, १९९५ मध्ये सुरू झालेली ईझीजेट. स्वस्त विमानाला घाबरू नका, हे सांगायला यापेक्षा बरं अक्षर मिळणं कठीण.

पण याच्यात 'धोका' लिहून बघा. धोकासुद्धा हसतोय असं वाटतं. म्हणून हे अक्षर फक्त पोरखेळाचं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. 'पेट साउंड्स'चं कव्हर बघा, बँडवाले शेळ्यांना खाऊ घालताहेत आणि वर हे गुबगुबीत अक्षर. आतली गाणी मात्र बरीचशी एकटेपणाची, हातातून निसटलेल्या प्रेमाची. तिथे एखादं गंभीर, कोरीव अक्षर असतं तर त्याने आधीच सुतकी चेहरा करून सगळं सांगून टाकलं असतं. कूपर ब्लॅक काहीच फोडत नाही.

हे सगळं बघायला कूपर मात्र नव्हता. तो १९४० मध्येच गेला.