विद्यामंदिरांच्या भिंती आणि पाण्याची वाट

१/ मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील वास्तूसमोर उभे राहिले की नजर आपसूक राजाबाई टॉवरच्या घड्याळाकडे जाते. आज घड्याळ बाजूला ठेवू आणि त्याखालचा दगड पाहू. विद्येच्या वास्तूंचा दर्शनी भाग कशाचा असावा, या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे निरनिराळी उत्तरे मिळाली. त्या साऱ्यांचा परीक्षक मात्र एकच होता : पाऊस. #धागा

२/ विद्यापीठाची स्थापना १८५७ची. पण त्याला स्वतःचे घर नव्हते. ते मिळाले कापसाच्या तेजीतल्या पैशामुळे. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. पदवीदान सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १ लाख रुपये दिले.

३/ आराखडे केले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, तेही लंडनमध्ये बसून. ते भारतात कधीच आले नाहीत. त्यांची गॉथिक शैली म्हणजे पाने, फुले, मुखवटे, कळस यांची दाटी. शैली कागदावरून आणता येते. दगड मात्र जवळपासच शोधावा लागतो.

४/ आपला काळा बेसाल्ट किल्ल्यांना आणि जोत्यांना उत्तम. पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजची १८६०च्या दशकातील वास्तू याच कुळातल्या करड्या दगडाची आहे. पण त्यावर नाजूक नक्षी काढायची तर पाथरवटाची छिन्नी वारंवार बोथट होते. म्हणून मुंबईत कामाची वाटणी झाली : भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड, नक्षीला पोरबंदरचा.

५/ कुर्ल्याचा दगड ज्वालामुखीतून आलेला, टणक. पोरबंदरी दगड हा चुनखडक. सागरी जीवांच्या सूक्ष्म कवचांचे कण एकत्र बांधले जाऊन झालेला, मऊ आणि सायीच्या रंगाचा. तो काठेवाडच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे येई. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील विविध जातिजमातींच्या २४ मूर्ती आहेत. त्यांचे नमुने सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. सभागृह १८७४ मध्ये आणि २८० फुटी मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला.

६/ छिन्नीला सोपा तो दगड पावसालाही सोपा. पोरबंदरी दगड सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. समुद्राच्या वाऱ्यातले मीठ त्या पाण्याबरोबर आत जाते. पावसाळा सरला की पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक मागे राहतात आणि वाढताना दगडाचे पापुद्रे सोडवतात. सर्वांत कोरीव भाग सर्वांत आधी झिजतो, तो असा.

७/ मात्र अशा वास्तूंना पावसाहून अधिक जाच झाला तो डागडुजीचा. जुन्या बांधकामातील दरजा चुन्याच्या. चुना दगडापेक्षा मऊ. भिंतीत शिरलेले पाणी दरजेतूनच बाहेर पडते. काही वर्षांनी दरज झडते, पुन्हा भरली जाते. दगड वाचावा म्हणून दरजेने झिजायचे, असा तो करार होता.

८/ विसाव्या शतकात दुरुस्तीला सिमेंट आले आणि हा करार मोडला. सिमेंटची दरज कठीण आणि बंद. पाण्याची नेहमीची वाट बुजली, म्हणून ते दगडातूनच निघू लागले. अशा भिंतींवर आज उलटे चित्र दिसते : दरज कडेसारखी उभी, आणि मधला दगड खोल झिजलेला. मजबुतीच्या हौसेने केलेले हे नुकसान भरून येत नाही.

९/ स्वातंत्र्यानंतर नक्षीच गेली. आचऱ्याचे, कोकणचे सुपुत्र अच्युत कानविंदे हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपिअस यांच्याकडे शिकून आले आणि कानपूरच्या आयआयटीत त्यांनी काँक्रीट व वीट उघडीच ठेवली. भिंत जशी आहे तशी दिसावी. पांघरूण म्हणजे लपवाछपवी, अशी त्या पिढीची धारणा होती.

१०/ तिचे सर्वांत विख्यात रूप अहमदाबादच्या आयआयएममध्ये आहे. १९६२ पासून लुई कान यांनी तिथे गिलाव्याविना विटांच्या भव्य कमानी उभ्या केल्या. कमानीचा बाहेर ढकलणारा जोर आवरायला काँक्रीटच्या आडव्या तुळया दिल्या. १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात कान यांचे निधन झाले.

११/ येथे विटेच्या सोबतीला लोखंड होते. उघड्या विटेतून ओल लोखंडापर्यंत पोहोचली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, भोवतालचे बांधकाम तडकवतो, आणि त्या तड्यांतून पुन्हा पाणी शिरते. त्यातच २००१चा भूकंप झाला.

१२/ डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचा विचार जाहीर केला. जगभरातून विरोध झाला आणि १ जानेवारी २०२१ला तो मागे घेतला गेला. २०२२ मध्ये मात्र पुनर्बांधणीचाच मार्ग पुन्हा पुढे आला. याच परिसरातील विक्रम साराभाई ग्रंथालयाच्या जीर्णोद्धाराला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. एकाच आवारात जतन आणि पाडकाम, असे दोन्ही निवाडे.

१३/ दरम्यान दगड परतला, पण अनेकदा वस्त्र होऊन. पुण्याच्या आयुकात चार्ल्स कोरिया यांनी काळ्याच्या तीन छटा एकावर एक रचल्या : खाली स्थानिक बेसाल्ट, वर कडाप्पा, त्यावर आभाळाचे प्रतिबिंब धरणारा झिलईदार ग्रॅनाइट. आजच्या प्रयोगशाळांवरही दगडाच्या पातळ फरश्या काँक्रीटवर बसवतात. तिथेही प्रश्न जुनाच : फरशीमागे शिरलेले पाणी बाहेर कुठून जाणार? उत्तर नसेल तर एक दिवस फरशीच सुटून खाली येते.

१४/ तात्पर्य एवढेच. वास्तूचा चेहरा देणगीदार आणि वास्तुविशारद ठरवतात. त्याचे आयुष्य मात्र दरज भरणाऱ्या गवंड्याच्या हाती असते. पुढच्या वेळी फोर्टात गेलात तर मनोऱ्याचे छायाचित्र जरूर काढा, पण आधी जवळ जाऊन दोन चिऱ्यांमधली दरज पाहा. एखाद्या जुन्या वास्तूचे उरलेले वय तिच्या घड्याळापेक्षा तिथे अधिक खरे कळते.

(समाप्त)