माळवदाखाली ऐकलेलं

माणदेशातल्या म्हसवडात पाऊस बेताचा. माणगंगेत वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू. म्हणून इथल्या जुन्या वाड्यांना उतरती कौलं नाहीत, माळवदं आहेत. भिंतींवर तुळया, तुळयांवर किलचणं, त्यांवर तरवडाचा पाला अंथरून मातीचे थर आणि सगळ्यात वर गावच्या पांढरीतली चिकट माती. कोकणात असं छत एका पावसाळ्यात खाली येईल. माणदेशात त्याखाली पिढ्या वाढल्या. दर उन्हाळ्याच्या अखेरीस वर उगवलेलं गवत उपटायचं, नवी पांढरी माती पसरून बडवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. एवढं नेमानं केलं की वाडा माणसांना सांभाळतो.

आजोळच्या वाड्याचं माजघर भर मे महिन्यात गार असायचं. खिडकी एकही नाही. छतातल्या झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा उतरायचा आणि सरकत सरकत जात्यापाशी यायचा. संताजी घोरपड्यांच्या शेवटाची गोष्ट मी तिथेच ऐकली.

पुस्तकांत ती राजाराम महाराजांपासून, धनाजी-संताजींच्या बेबनावापासून सुरू होते. आजी राधाबाईपासून सुरू करायची. राधाबाई म्हणजे म्हसवडच्या नागोजी मान्यांची बायको, अमृतराव निंबाळकरांची बहीण. लढाईत हाती लागलेल्या अमृतरावांना संताजींनी हत्तीच्या पायी दिलं. राधाबाईंनी ते मनात धरलं, नवऱ्याला गप्प बसू दिलं नाही. जून १६९७. फौज पांगलेली, औरंगजेबाला जेरीस आणणारा सेनापती जवळजवळ एकटा, शंभू महादेवाच्या डोंगरात. संताजी ओढ्यावर अंघोळ करत असताना नागोजींनी त्यांना गाठलं. शीर बादशहाकडे पोचलं. म्हसवडजवळच्या कारखेलला आजही संताजींची समाधी दाखवतात.

एवढा मोठा माणूस आमच्याच गावच्या हातून गेला, याची सल मला लहानपणापासून आहे. आजी ना मान्यांची बाजू घ्यायची, ना राधाबाईंना बोल लावायची. जात्याचा खुंटा धरून म्हणायची, "भावाचं रगात इसरत न्हाई बाई. पर ज्याला मारला, त्यो बी कुनाचा तरी भाऊच की." इतिहासाच्या पुस्तकांत सरदार होते, वतनं होती. माजघरातला हा आवाज त्यांत मला सापडला नाही.

असे आवाज सांभाळणारे वाडे मात्र कुणी जपत नाही. सिद्धनाथाचं दगडी देऊळ गाव जपतं. मार्गशीर्षात रथ निघतो, गुलालानं रस्ते लाल होतात, 'चांगभलं'च्या गजरात अख्ख्या मुलखाची नजर देवळाकडे असते. वाड्याला असा रथ नाही. भाऊवाटण्या होतात, चौकात भिंत उभी राहते, माळवद गळू लागलं की वर पत्रा येतो आणि गार माजघराची भट्टी होते. आजोळीही हेच झालं.

हे टाळता येतं. जर्मनीत लोक राहत असलेली खासगी जुनी घरंही संरक्षित वास्तू म्हणून नोंदवतात आणि डागडुजीच्या खर्चावर मालकाला करात सवलत देतात. आपल्याकडे स्मारकांसाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे. किल्ले, मंदिरं, राजवाडे यांच्यासाठी तो हवाच. पण साध्या देशमुखी, पाटिलकीच्या वाड्याच्या मालकालाही खर्चात हात मिळायला हवा, नाहीतर पत्राच स्वस्त पडणार.

आणि कायद्याची वाट बघत बसायचंही कारण नाही. उताराला किती बोटं ठेवायची, पांढरी माती कुठली घ्यायची, ती किती भिजवायची हे हातानं जाणणारी म्हातारी माणसं गावोगाव शोधली पाहिजेत. यंदाच्या पावसाआधी त्यांना एखाद्या माळवदावर न्यावं, हाताखाली चार तरणी पोरं द्यावीत आणि रीतसर मजुरी मोजावी.