पारोचा दगड आणि गिलची कबर

इअरफोन नीट लावा, कारण आजच्या गोष्टीत प्रेम आहे, रहस्य आहे आणि दोन आगी आहेत.

मागच्या काही दिवसांत तुमचे बरेच मेसेज आले. बहुतेक एकाच धर्तीचे: 'दादा, एखादी लव्हस्टोरी प्लस मिस्टरी सांगा ना, त्या कॅरिबियन बेटांवरच्या कादंबऱ्यांसारखी.' म्हणजे निळा समुद्र, जुना वाडा, परका तरुण, बेटावरची मुलगी, आणि मग ती मुलगी नाहीशी होते. मला हसू आलं. कारण असा माल आपल्याकडे जळगावपासून साठेक किलोमीटरवर पडलाय. समुद्र तेवढा नाही. वाघूर नदी आहे. जळगावकरांनो, तुमच्या नळाला येणारं वाघूर धरणाचं पाणी ज्या नदीचं, तीच नदी अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून येते.

तर 1819. खानदेशात इंग्रजांचा अंमल येऊन जेमतेम वर्ष झालेलं. जॉन स्मिथ नावाचा एक लष्करी अधिकारी शिकारीला निघाला आणि लेण्यांपाशी पोचला. दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. दोन हजार वर्षं जुन्या जागेवर! आज आपण असं करणाऱ्यांचे व्हिडिओ काढून शिव्या घालतो. आणि 'शोध लावला' हे आपलं म्हणायचं म्हणून. आसपासच्या लोकांना ती लेणी ठाऊक नव्हती असं कुणी समजू नका.

आपला खरा नायक पंचवीस वर्षांनी येतो. रॉबर्ट गिल. 1804 चा लंडनचा जन्म, मद्रास फौजेतला अधिकारी, चित्रकलेत हात चांगला. 1844 साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला काम दिलं: अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला करायच्या. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहायला आला. तेव्हा हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. लेण्यांत अंधार, वटवाघळं, भोवती जंगल आणि जंगलात वाघ. तिथे हा माणूस मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात, जवळजवळ मूळ आकाराच्या नकला करत बसला. काम थोड्या महिन्यांचं नव्हतं, वर्षानुवर्षं चाललं.

आणि इथे पारो येते.

लोकांच्या सांगण्यात ती जवळच्या आदिवासी वस्तीतली मुलगी. ती त्याला लेण्यांच्या वाटा दाखवायची, रंगांसाठी पानं-माती आणून द्यायची, असं सांगतात. हे सगळं ऐकीव. कागदावर उभं राहील असं एकच: अजिंठा गावातलं तिचं थडगं. त्याच्यावरच्या दगडावर इंग्रजीत कोरलंय की ही गिलच्या लाडक्या पारोची आठवण, मृत्यू 23 मे 1856. कशाने गेली, किती वर्षांची होती, कुणाची लेक होती, यातलं दगडावर काही नाही.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आठवा. नसतील वाचल्या तर घरात आजोबांना विचारा, त्यांनी रात्री कंदील लावून वाचल्या असतील. त्यात शेवटच्या पानावर काळा पहाड किंवा झुंजार येऊन सगळा गुंता सोडवणार याची खात्री असते. इथे सुरुवातच शेवटच्या पानापासून आहे. थडगं हाताशी आहे, आधीची पानं कुणी लिहिलेली नाहीत.

आता जरा थांबा. ही 'अमर प्रेमकथा' म्हणून रील बनवायच्या आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. गिलचं लग्न झालेलं होतं, मुलंबाळं होती. तो कंपनीचा माणूस. ज्या काळात पारो गेली त्याच काळात कंपनी आणि खानदेशातले भिल्ल यांचं नातं कसं होतं? 1825 साली धरणगावला जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभी केली, म्हणजे काहींना नोकरी आणि काहींवर बंदूक. पारोच्या मृत्यूनंतर दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा, एप्रिल 1858 मध्ये, साताऱ्याला नव्हे, दिल्लीला नव्हे, आपल्या सातपुड्यात अंबापाणीला खाज्या नाईकाचे भिल्ल इंग्रज फौजेशी लढत होते. एका बाजूला पगार, पद, बंदूक, कॅमेरा. दुसऱ्या बाजूला एक मुलगी. अशा नात्यात 'हो' म्हणण्याला आणि 'नाही' म्हणण्याला किती जागा असते?

पण उलट बाजूही बघायला हवी. असे संबंध त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्यांचे सर्रास असायचे आणि बहुतेक बायकांचं नावसुद्धा उरलं नाही. या माणसाने दगड बसवला, नाव कोरलं, लाडकी म्हटलं, आणि गावात, सगळ्यांसमोर. मला तो दगड खोटा वाटत नाही. फक्त तो त्याच्या भाषेत आहे. जिच्यासाठी कोरला तिला तो बहुधा वाचताही आला नसता.

इथेच मला तुमची ती कॅरिबियन बेटं आठवतात. गिल अजिंठ्यात रंग कालवत होता त्याच दिवसांत, 1847 ला, लंडनमध्ये शार्लट ब्रॉन्टेची 'जेन आयर' आली. त्यातल्या नायकाची पहिली बायको जमैकाची. ती वाड्याच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली, वेडी, हसते, ओरडते, शेवटी वाड्याला आग लावते आणि मरते. स्वतःची बाजू मांडायला तिला एक पानही मिळत नाही. मग 1966 मध्ये जीन ऱ्हीस या लेखिकेने, जी स्वतः डॉमिनिका बेटावर जन्मली होती, 'वाइड सारगॅसो सी' लिहिली. त्यात त्याच बाईचं बालपण, लग्न, बेटावरचे दिवस. तिचं खरं नाव आंत्वानेत; 'बर्था' हे नवऱ्याने लादलेलं. प्रेम आहे, रहस्य आहे, आणि या वेळी निम्मी कादंबरी तरी तीच सांगते. एकशे एकोणीस वर्षं लागली याला.

पारोला अजून आपली जीन ऱ्हीस भेटायची आहे असं मला वाटतं. ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे खंडकाव्य लिहिलं. ते पळसखेड्याचे, त्या डोंगरांच्या कुशीतलेच, म्हणून त्यातली झाडं-पाखरं खरी आहेत. 2012 मध्ये नितीन देसाईंनी त्यावर सिनेमा काढला, सोनाली कुलकर्णी पारो झाली. दोन्ही बघा, वाचा. पण पारोच्या तोंडून, तिच्या बोलीत, गिलकडे तिरक्या नजरेने बघत सांगितलेली गोष्ट मला हवीय. चित्रकार साहेब दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, हा येडा आहे का, असं तिला पहिल्यांदा वाटलं नसेल का?

आता आगी. गिलने केलेल्या नकला लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली. वीसेक वर्षांच्या कामातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं वाचली. तोवर त्याने फोटोग्राफीही शिकून घेतली होती. 1864 मध्ये त्याच्या फोटोंची पुस्तकं लंडनला निघाली. त्यातल्या एकात शंभर स्टिरिओस्कोपिक चित्रं होती, म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवून यंत्रातून बघायचं की खोली दिसते. तुमच्या व्हीआर गॉगलचा पणजोबाच.

दुसरी आग 1885 ची. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून त्याच भिंतींच्या नव्या नकला करत होते. त्याही लंडनला पाठवल्या. साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममधल्या आगीत त्यातल्या शंभरावर जळाल्या किंवा खराब झाल्या. अजिंठ्याच्या भिंती दीड हजार वर्षं टिकल्या आणि लंडनच्या गोदामात नकला टिकेनात!

ही दुसरी आग गिलने पाहिली नाही. पहिल्या आगीनंतर तो पुन्हा अजिंठ्यात कामाला लागला, म्हातारा झाला, आजारी पडला आणि एप्रिल 1879 मध्ये गेला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. पारो अजिंठ्याच्या घाटावर, गिल घाटाखाली रेल्वेच्या गावात.

जायचं असेल तर जळगावहून संभाजीनगरकडे जाणारी एसटी धरा. नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर. लेण्यांच्या फाट्याला सगळे उतरतात. तुम्ही उतरू नका. घाट चढून पुढे अजिंठा गावात उतरा आणि पारोचं थडगं कुठे म्हणून विचारा.