नंबरब्लॉक्स : ठोकळ्यांचं हे कार्टून मुलांना आकडे शिकवतं की संख्या?

चार वर्षांचं मूल एक ते वीस घडाघडा म्हणतं. घरी पाहुणे आले की त्याला हमखास म्हणूनही दाखवावं लागतं. पण त्याच मुलासमोर सात शेंगदाणे ठेवले, त्याने बोट ठेवून ते नीट मोजले आणि मग विचारलं, "मग किती आहेत?" तर अनेक मुलं 'सात' असं उत्तर देत नाहीत. ती पुन्हा एकपासून मोजायला लागतात.

मूल चुकतंय किंवा त्याचं लक्ष नाही, असं मोठ्यांना वाटतं. खरं तर त्याला आकड्यांची नावं ओळीने पाठ झालेली असतात, पण मोजताना शेवटी आलेलं नाव म्हणजे त्या सगळ्या शेंगदाण्यांची संख्या, हे अजून उमगलेलं नसतं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मुलांच्या मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. हे त्यातलंच एक. मोजणं 'येणं' आणि संख्या 'कळणं' यात काही महिन्यांचं अंतर असू शकतं, आणि घराघरांत ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

'नंबरब्लॉक्स' हे ब्रिटिश कार्टून नेमकं या अंतरावर काम करतं. यूट्यूब आणि नेटफ्लिक्समुळे ते भारतातल्या घरांतही पोहोचलं आहे.

हे कार्टून आहे तरी काय?

बीबीसीच्या लहान मुलांसाठीच्या 'सीबीबीज' या वाहिनीवर जानेवारी २०१७ मध्ये नंबरब्लॉक्स सुरू झालं. जो इलियट यांनी ते तयार केलं आणि अ‍ॅनिमेशन लंडनच्या 'ब्लू झू' स्टुडिओने केलं. त्याआधी, २०१० मध्ये, याच मंडळींचं 'अल्फाब्लॉक्स' आलं होतं. त्यात इंग्रजी अक्षरं हीच पात्रं होती आणि ती एकमेकांचे हात धरून शब्द बनवायची. तीच कल्पना पुढे गणिताकडे वळवली गेली.

एक भाग साधारण पाच मिनिटांचा असतो. पात्रं म्हणजे ठोकळे. 'वन' हा एकच लाल ठोकळा, एक डोळा असलेला. 'टू' दोन नारिंगी ठोकळ्यांचा आणि चष्मा लावलेला. 'थ्री' पिवळी, सतत सगळ्यांचं लक्ष वेधून घेणारी. 'फोर' हिरवा आणि चौकोनांचा वेडा. 'फाइव्ह' निळी, 'सिक्स' जांभळी, 'सेव्हन'चे सात ठोकळे इंद्रधनुष्याच्या सात रंगांचे. 'एट'ला आठ हात आहेत आणि तो ऑक्टोपससारखा सुपरहीरो आहे. 'नाइन' करड्या छटांचा, आणि त्याला शिंक आली की गडबड होते. 'टेन' पांढरी, लाल किनारीची.

प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा आकडा तरंगत असतो. वन टूच्या डोक्यावर उडी मारून बसली की झगमगाट होतो, हवेत अधिक आणि बरोबरची चिन्हं दिसतात आणि थ्री उभी राहते. थ्रीला पुन्हा सुटं केलं की टू आणि वन परत हजर. पहिल्या १५ भागांत मालिका पाचच्या पुढे जात नाही. पुढचे १५ भाग सहा ते दहासाठी. त्यानंतर वीस, मग शंभर आणि त्याही पलीकडे.

पाच आकड्यांसाठी १५ भाग म्हणजे फारच संथ, असं आपल्याकडच्या पालकांना वाटू शकतं. 'आमच्या मुलाला शंभरपर्यंत येतं' हे अभिमानाने सांगायचं वाक्य आहे, 'आमच्या मुलाला पाच नीट कळलंय' असं कुणी सांगत नाही. पण मालिकेचा सगळा डाव याच संथपणावर उभा आहे.

संथ का? कारण पाच म्हणजे फक्त चारनंतरचा आकडा नाही

पाच म्हणजे चार आणि एक. तसंच तीन आणि दोन. दोन, दोन आणि एकसुद्धा. पाचातून दोन गेले की तीन राहतात, हे वेगळं पाठ करायची गरज उरत नाही, कारण तीन आणि दोन मिळूनच पाच झालेले मुलाने पाहिलेले असतात. संख्या जोडता येते आणि मोडता येते, ही समज आली की बेरीज आणि वजाबाकी हे दोन वेगळे धडे राहत नाहीत.

इंग्लंडमध्ये गणित शिक्षकांना मार्गदर्शन करणारी 'एनसीईटीएम' ही राष्ट्रीय संस्था आहे. या संस्थेच्या तज्ज्ञांचा मालिकेला सल्ला होता आणि संस्थेने एकेका भागावर शिक्षकांसाठी साहित्यही तयार केलं. म्हणजे आधी करमणूक आणि मग त्यात थोडं गणित घुसवलं, असा हा प्रकार नाही. कोणत्या भागात कोणती कल्पना येणार, तिचा क्रम काय, हे आधी ठरलेलं आहे. कथा त्यावर रचलेली आहे.

विनोदसुद्धा गणितातूनच येतात, आणि इथे मालिका इतर 'शैक्षणिक' कार्टूनच्या बरीच पुढे जाते. 'थर्टीन' स्वतःला कमनशिबी समजतो, कारण तो सारखा दहा आणि तीन असा तुटतो. 'नाइन्टीन'ला कोणताही नीटनेटका आयत जमत नाही, त्यामुळे ती चित्रविचित्र आकार करत बसते. १९ ही मूळ संख्या आहे हे मुलाला कुणी सांगत नाही, पण 'हिला काही केल्या चौकोनात बसवता येत नाही' हे ते पाहतं. १, ३, ६, १०, १५ या पात्रांना जिन्यासारखी मांडणी करता येते, म्हणून त्यांचा वेगळा गट आहे. गणिताच्या भाषेत या त्रिकोणी संख्या. चार, नऊ, सोळा यांना अचूक चौरस होता येतं, म्हणून त्यांचा तोरा वेगळा.

बाराचं उदाहरण मराठी वाचकाला लगेच पटेल. 'ट्वेल्व्ह' हे पात्र स्वतःचे बारा ठोकळे हवे तसे आयतात मांडतं: सहाच्या दोन रांगा, चारच्या तीन रांगा. आपण हेच 'बे सक बारा', 'तीन चोक बारा', 'चार त्रिक बारा' असं चालीवर म्हणत मोठे झालो. चाल इतकी पक्की की चाळिशीतही विसरत नाही. पण 'तीन चोक' आणि 'चार त्रिक' यांचं उत्तर एकच का येतं, हे पाढा सांगत नाही. तोच आयत आडवा केला की ते दिसतं.

रंगीत ठोकळ्यांची कल्पना जुनीच

संख्येला लांबी आणि रंग देण्याची युक्ती टीव्हीच्या आधीची आहे. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी एक ते दहा सेंटीमीटरच्या लाकडी रंगीत पट्ट्या बनवल्या आणि १९५२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याच्याही आधी मारिया मॉन्टेसरी यांच्या बालगृहांत लाल-निळ्या पट्ट्यांच्या दहा काठ्या होत्या, सगळ्यात लहान दहा सेंटीमीटरची आणि सगळ्यात मोठी एक मीटरची. मॉन्टेसरींचा विचार महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला रुजवला. महागडी साधनं परवडणार नाहीत, म्हणून आसपास मिळणाऱ्या वस्तूच साधन म्हणून वापरल्या.

नंबरब्लॉक्सने त्या काठीला डोळे, स्वभाव आणि गाणं दिलं. फायदा उघड आहे, मुलाला 'सिक्स'बद्दल जिव्हाळा वाटतो. तोटाही त्यातूनच येतो. चार हिरवा आणि पाच निळी हे इतकं पक्कं बसतं की चार लाल बटणं समोर आली तर काही मुलं गोंधळू शकतात. संख्या वस्तूच्या रंगाची नसते, स्वभावाची तर नसतेच. हे मालिका सांगू शकत नाही, कारण तिचा डोलाराच त्यावर आहे. ते काम घरातल्या माणसांचं.

मराठी घरात खरी अडचण वेगळीच

मालिकेत एकवीस कसा दिसतो? दहा-दहाचे दोन मनोरे आणि एक सुटा ठोकळा. इंग्रजीत तो 'ट्वेंटी-वन', म्हणजे आधी वीस, मग एक. लिहितानाही आधी २, मग १. डोळ्यांना दिसतं ते, कानांना ऐकू येतं ते आणि हाताने लिहायचं ते, सगळं एकाच क्रमात. (अकरा ते एकोणीसपर्यंत इंग्रजीही घोटाळा करते, 'इलेव्हन'मध्ये दहा कुठेच ऐकू येत नाही. पण वीसनंतर ती सरळ होते.)

मराठीत मूल 'एकवीस' ऐकतं. कानावर आधी एक येतो, लिहायचा मात्र दोन आधी. जर्मन आणि डच मुलांनाही हीच कसरत करावी लागते. पण मराठीत आणखी एक पायरी आहे. दोन हा आकडा वेगवेगळ्या दशकांत कसा ऐकू येतो ते पाहा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. 'दोन' असा शब्द एकदाही नाही. 'बा', 'ब', 'बे', 'बहा', 'ब्या' हे सगळे त्याचेच अवतार. बावन्नमधलं 'पन्नास'ही ओळखू येणार नाही इतकं बदललेलं. म्हणजे शंभरपर्यंतची बहुतेक नावं सुटीसुटी पाठच करावी लागतात.

नऊचं तर विचारूच नका. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही नावं बेरजेची नाहीत, वजाबाकीची आहेत: तीसला एक कमी ते एकोणतीस. पडद्यावर वीस आणि नऊ दिसतात, कानावर तीस येतो. ही गंमत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला अचानक थांबते.

याच मुद्द्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक', 'बावीस'सोबत 'वीस दोन' असं वाचन आलं. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांना जोडाक्षरांची नावं जड जातात, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा पडतो, आणि कन्नड, तेलुगूसारख्या भाषांत आधी दशकच बोललं जातं, असं त्यामागचं म्हणणं होतं. विरोधकांना ही भाषेची मोडतोड वाटली. विषय विधिमंडळापर्यंत गेला आणि समाजमाध्यमांवर आडनावांचे विनोद फिरले. त्या गदारोळात सात वर्षांच्या मुलाला नेमकं काय अवघड जातं, या प्रश्नाकडे मात्र फार कमी लोकांनी पाहिलं.

प्रश्न किरकोळ नाही. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त ३३.७ टक्के मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमते. हातचा घेणं म्हणजे एक दशक मोडून दहा एकक करणं. ज्याला बेचाळीसमध्ये चार दशक आणि दोन एकक दिसतच नाहीत, त्याने मोडायचं काय?

म्हणून इंग्रजी कार्टून पाहणाऱ्या मराठी मुलाकडे एक चांगली गोष्ट येते, ती म्हणजे संख्येचं चित्र. पण नाव इंग्रजी येतं. शहरातल्या अनेक घरांत मुलं 'फोर्टी टू' सहज ओळखतात आणि आजीने बेचाळीस म्हटलं की बघत राहतात. त्यात देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, हा आणखी एक गोंधळ. उपाय अवघड नाही. भाग पाहताना 'फोर्टी टू' आलं की मोठ्यांनी चित्राकडे बोट दाखवून 'चार दशक दोन, बेचाळीस' म्हणायचं. चित्र दोन्ही भाषांत एकच असतं.

मग मुलाला लावून द्यावं का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर उत्तम. वर्षभराच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच. कार्टून शैक्षणिक आहे म्हणून यातून सूट नाही. यूट्यूबवर तर एकामागून एक भाग जोडलेले तास-तासभराचे व्हिडिओ आहेत, आणि पाच मिनिटांच्या भागाचा सगळा हेतू तिथे वाहून जातो.

शिवाय अगदी लहान मुलं पडद्यावरून जितकं शिकतात, त्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त शिकतात, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. एक भाग पाहून टीव्ही बंद करावा आणि तोच खेळ हातांनी खेळावा. त्यासाठी मालिकेच्या नावाने विकले जाणारे ठोकळे घ्यायलाच हवेत असं नाही. घरात कॅरम असेल तर सोंगट्या उत्तम, एकावर एक छान बसतात. नऊ पांढऱ्यांचा तीन बाय तीनचा चौरस, नऊ काळ्यांचा दुसरा. दोन्ही मिळून अठरा. मग बाजूला राणी ठेवायची. एकोणीस झाले. आता आणखी एक सोंगटी मिळाली असती तर किती झाले असते, हे मुलाला विचारायचं, आणि 'एकोणीस' या शब्दात काय दडलंय ते तेव्हाच सांगायचं.