कॅडिलॅकच्या पोटांतील ब्यूक

१२ ऑगस्ट १९५३ रोजीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, डेट्रॉइट शहरालगतच्या लिव्होनिया गांवीं एक प्रचंड कारखाना जळाला. जोडकामाच्या बत्तीची ठिणगी तेलकट पन्हळींत पडली, आणि पाहतां पाहतां आग छपराला भिडली. या कारखान्यांत जनरल मोटर्स कंपनीची 'हायड्रामॅटिक' नांवाची स्वयंचलित गिअरपेटी तयार होत असे. कॅडिलॅक, ओल्ड्समोबाइल व पाँटिॲक या तिन्ही गाड्यांची सारी भिस्त तिच्यावर. गाड्यांचे सांगाडे तयार, इंजिनें तयार. परंतु इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोंचविणारा दुवाच नाहीं, अशी विलक्षण अवस्था झाली. तेव्हां पाँटिॲकनें शेव्हरोलेची 'पॉवरग्लाइड' पत्करली, आणि कॅडिलॅक व ओल्ड्समोबाइल यांनीं ब्यूकच्या घरची 'डायनाफ्लो' उसनी घेतली. त्या वर्षींच्या कांहीं कॅडिलॅक गाड्यांच्या पोटांत ब्यूकचें यंत्र आलें तें असें. आज अशी गाडी ज्याच्या हातीं येते, त्याच्यापुढें एक प्रश्न उभा राहतो: ही उसनी पेटी काढून तेथें हायड्रामॅटिक बसवावी काय?

उत्तर देण्यापूर्वीं या दोन्ही पेट्यांचें कूळ पाहिलें पाहिजे. मूळपुरुष दोघींचाही एकच. हेर्मान फोटिंगर हा जर्मन इंजिनिअर स्टेटिन बंदरांतील व्हल्कन गोदींत नोकरीस होता. (तें बंदर आतां पोलंडमध्यें आहे.) त्याच्यापुढचें कोडें मोटारीचें नव्हतेंच, तें जहाजाचें होतें. वाफेच्या टर्बाइनला अतिवेगानें फिरणें मानवतें, तर जहाजाच्या पंख्याला सावकाश फिरणें हितकर. मध्यें दांत्यांचीं चाकें घालावीं, तर तेवढा भार सोसणारे दांते अचूक कापणें त्या काळीं फार कठीण. फोटिंगरनें दांतेच वगळले व त्यांच्या जागीं वाहता द्रव घातला. १९०५ सालीं त्यानें या कल्पनेचें पेटंट घेतलें.

कल्पना समजावयास अवघड नाहीं. टेबलावर दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. वाऱ्याऐवजीं तेल घ्या, दोन्ही पंखे एका बंद डब्यांत कोंडा, कीं फ्लुइड कपलिंग तयार झालें. मात्र यांत जोर केवळ पोंचतो; वाढत नाहीं. फोटिंगरची खरी प्रतिभा तिसऱ्या चक्रांत दिसते. दुसऱ्या पंख्यावरून उलटणारा प्रवाह अडवून त्याला योग्य दिशेनें पहिल्याकडे परत धाडणारीं स्थिर पातीं त्यानें मध्यें बसविलीं. या पात्यांच्या रेट्यामुळें फिरविण्याचा जोर, म्हणजेच टॉर्क, वाढतो. वेग गमवावा आणि जोर कमवावा, असा हा सौदा आहे. आणि तो करणारें यंत्र तोच टॉर्क कन्व्हर्टर.

जहाजांना पुढें चांगले दांते मिळाले व त्यांनीं फोटिंगरचा निरोप घेतला. मोटारीनें त्याला उचललें, पण दोन वेगळ्या रीतींनीं. १९३९ सालीं जाहीर झालेल्या हायड्रामॅटिकनें साधें कपलिंग घेतलें आणि जोर वाढविण्याचें काम चार वेगांच्या गिअरांवर सोंपविलें. गाडी चपळ, पेट्रोलचा खर्चही बेताचा. परंतु प्रत्येक वेग बदलतांना हलकासा धक्का बसावयाचा. ब्यूकनें युद्धकाळांत 'हेलकॅट' नांवाचीं रणगाडेमार वाहनें बांधलीं होतीं. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर होता. १९४८ सालीं तिनें 'रोडमास्टर' गाडींत डायनाफ्लो आणली. हिच्यांत नेहमींच्या चालीला गिअर बदलतच नसे. सुमारें सव्वादोनपट जोर वाढविण्याचें सारें काम एकटा कन्व्हर्टर करी. धक्का म्हणून नाहीं! मात्र तेल घुसळण्यांत शक्ति वायां जाई, व निंदकांनीं 'डायनास्लश' असें तिचें बारसें केलें. फोटिंगर हें पाहावयास राहिला नाहीं. एप्रिल १९४५ मध्यें, बर्लिनची लढाई चालू असतांनाच तो तेथें मरण पावला.

आतां कन्व्हर्टर निवडतांना काय पाहावयाचें? चाकें जखडून ठेवून इंजिन पूर्ण जोरानें चालविलें, तर तें ज्या वेगापर्यंत चढून अडतें, त्यास 'स्टॉल'चा वेग म्हणतात. (हा प्रयोग कांहीं सेकंदांपलीकडे लांबवूं नये, तेल भलतेंच तापतें.) हा वेग इंजिनाच्या स्वभावाशीं जुळला पाहिजे. कमी फेऱ्यांतच जोर देणाऱ्या जुन्या, संथ इंजिनामागें उंच स्टॉलचा कन्व्हर्टर लावला, तर इंजिन ओरडतें, तेल तापतें आणि गाडी मागेंच राहते. उलट, उंच फेऱ्यांवरच जागें होणाऱ्या इंजिनामागें घट्ट कन्व्हर्टर दिला, तर तें गुदमरतें. आकारांतील अल्प फरकही येथें फार भोंवतो. कन्व्हर्टर सोसूं शकतो तो टॉर्क व्यासाच्या पंचम घाताप्रमाणें व वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलतो. म्हणून त्याच घडणीचा कन्व्हर्टर १२ इंचांऐवजीं ११ इंचांचा घेतला, तर त्याच टॉर्कला स्टॉलचा वेग जवळजवळ एकचतुर्थांशानें वाढतो. "एका इंचानें काय होतें" असें म्हणणारा पुढें तेल थंड करण्याची नळी शोधीत हिंडतो.

या दृष्टीनें १९५३ ची उसनवारी पाहिली म्हणजे मला तींत मोठें शहाणपण दिसतें. कॅडिलॅकचें इंजिन ३३१ घनइंचांचें, ब्यूकचें नवें इंजिन ३२२ घनइंचांचें, दोन्ही व्ही-८. बिऱ्हाड बदललें तरी शेजार तोच! पाँटिॲकचें इंजिन २६८ घनइंचांचें. तिला ब्यूकची नव्हे, लहान शेव्हरोलेची पेटी मिळाली. अडचण होती ती वेगळ्या जागीं. ब्यूकची चाकांकडे जाणारी दांडी नळकांड्यांत बंदिस्त, कॅडिलॅकची उघडी. तेव्हां पेटीचें मागचें टोंक बदलणें भाग होतें.

मग ती पेटी काढावी काय? माझें मत स्पष्ट आहे: काढूं नये. हायड्रामॅटिक लावल्यास गाडी अधिक चपळ होईल, यांत शंका नाहीं. पण ती कारखान्यांतून अशी कधींच निघाली नव्हती. कन्व्हर्टर गळत असेल तर तोच उघडून दुरुस्त करवावा. बदलावाच लागला, तर व्यास आणि स्टॉलचा वेग मूळचाच राखावा. हायड्रामॅटिकचें काम आगीनंतर थोड्याच काळांत विलो रन येथील, युद्धांत बाँबर विमानें बांधणाऱ्या जुन्या इमारतींत पुन्हां सुरू झालें, व कॅडिलॅकला आपली नेहमींची पेटी मिळूं लागली. मधल्या काळांत ज्या गाड्या निघाल्या, त्यांच्या पोटांत लिव्होनियाच्या आगीची खूण तेवढी एकच आहे.