साथीचा माग काढणाऱ्यांची शाळा

अलेक्झांडर लँगम्युर १९४९ साली अटलांटाच्या संसर्गजन्य रोग केंद्रात, म्हणजे आजच्या सीडीसीत, मुख्य साथरोगतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. साथीच्या गावी धाडण्यासाठी शिकलेली माणसे त्यांच्या हाताशी फारशी नव्हती. पुढच्याच वर्षी कोरियाचे युद्ध पेटले आणि शत्रू रोगजंतूंचा मारा करील या धास्तीने अमेरिकी सरकारला घेरले. जंतुहल्ला ओळखायचा तर आधी साधी साथ ओळखता यायला हवी, हे लँगम्युर यांनी सरकारला पटवले आणि १९५१ मध्ये ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ उभी केली. पहिल्या तुकडीत २२ डॉक्टर आणि १ स्वच्छता अभियंता होता. हे काम सक्तीच्या लष्करी सेवेच्या जागी धरले जाई, त्यामुळे हुशार तरुण डॉक्टर मिळत गेले. युद्धाच्या भीतीतून इतकी हितकारक गोष्ट क्वचितच निपजते.

प्रशिक्षण दोन वर्षांचे, पण वर्गातले धडे काही आठवड्यांतच संपत. पुढे साथीची खबर आली की निघायचे. कोणाला रुग्ण म्हणायचे हे आधी ठरवायचे. मग घरोघर फिरून प्रत्येकाचे वय, पत्ता, आजार सुरू झाल्याची तारीख आणि खाल्लेप्यायलेले सारे तक्त्यात मांडायचे. तेच प्रश्न आजारी न पडलेल्या शेजाऱ्यांनाही विचारायचे, कारण दोघांच्या उत्तरांतला फरकच रोगाच्या उगमाकडे नेतो. ही पायपीट पुस्तकातून शिकवता येत नाही, यावर लँगम्युर ठाम होते. संस्थेच्या बोधचिन्हात तळाला भोक पडलेला बूट आहे तो त्यामुळेच.

खरी कसोटी १९५५ मध्ये लागली. साल्क यांची पोलिओ लस गुणकारी असल्याचे १२ एप्रिलला जाहीर झाले आणि दोनच आठवड्यांत लस घेतलेल्या मुलांना लकवा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. जो हात टोचला होता तोच लुळा पडत होता. बहुतेक मुलांना कटर या कंपनीची लस दिलेली होती. तिच्या काही साठ्यांत विषाणू जिवंत राहिला होता. ती लस तातडीने परत मागवली गेली. प्रशिक्षणार्थींनी देशभरातल्या रुग्णांची रोजच्या रोज नोंद ठेवली. सुमारे २०० जणांना लकवा झाला, १० दगावले. तरीही दोष मुख्यतः एकाच कंपनीच्या लशीत असल्याचे दाखवता आले, म्हणूनच लसीकरण पुन्हा सुरू होऊ शकले.

हीच पद्धत पुढे पर्यावरणातल्या विषांनाही लागू पडली. टेक्सासमधल्या एल पासो येथे शिसे वितळवणाऱ्या कारखान्याभोवतीच्या मुलांची तपासणी १९७० च्या दशकाच्या आरंभी फिलिप लँड्रिगन या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी केली. हवा, माती आणि घरातली धूळही तपासली. कारखान्याजवळच्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त सापडले. वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलांच्या बुद्धीवरही त्याचा परिणाम होतो, हे त्यातून पुढे आले.

भारताशी या शाळेचा संबंध देवीच्या रोगाने जोडला. याच सेवेतून तयार झालेल्या विल्यम फेगी यांनी नायजेरियात रुग्ण शोधून फक्त त्याच्या भोवतालच्यांना लस टोचण्याची रीत बसवली आणि १९७० च्या दशकात ती भारतातल्या मोहिमेत राबवायला मदत केली. भारतात अशा शिक्षणाची घडी त्यानंतर बऱ्याच काळाने बसली: चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ मध्ये, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ मध्ये.